बिऱ्हाड पाठीवर : क्लाऊड आणि कंटेनर यांची हकीकत

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे ज्याच्याविषयी म्हटले जाते त्याच्याबद्दल बोलणाऱ्याच्या मनात थोडी कीवच असते. ज्याला घर नाही, ठाव नाही, जो आज या गावी तर उद्या त्या गावी, अशा माणसासाठी ही म्हण आहे. संगणकाच्या जगात मात्र गेल्या काही वर्षांत याच्या अगदी उलट न्याय रूढ झाला. ज्या प्रोग्रामचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर आहे तो भाग्यवान, आणि जो एकाच घराला, एकाच मालकाला बांधलेला आहे तो कीव करण्याजोगा, असे तेथे मानले जाऊ लागले. हा पालट कसा घडला, कोणी घडविला आणि त्यात कोणाच्या पदरी काय पडले, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिची मुळे १९७९ पर्यंत मागे जातात; पण तिला खरा रंग भरला तो २००८ ते २०२० या बारा वर्षांत.

प्रोग्रामचे बिऱ्हाड म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. शाळेच्या निकालपत्रकांचे साधे उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्यांचे गुण घेऊन त्यांची मराठीत छापण्याजोगी पत्रके तयार करणारा एक प्रोग्राम कोणी आपल्या संगणकावर लिहिला. तो ज्या संगणकीय भाषेत लिहिला ती समजणारा दुभाष्या त्या संगणकावर आहे. देवनागरी फाँट आहे. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे अक्षरे जुळविणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, तेथे आहे. 'वि' लिहिताना संगणक आधी 'व' साठवितो आणि मग वेलांटी. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटावी लागते. 'अर्क' या शब्दातला रफार आधी साठविलेला असतो, पण तो पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. हे सारे ती लायब्ररी मुकाट्याने करीत असते. आता हाच प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर नेला आणि तेथे ती लायब्ररी नसली, तर वेलांट्या भलत्या जागी पडतात आणि जोडाक्षरे फुटतात. फाँटच नसला तर सगळ्या पत्रकावर रिकाम्या चौकोनांची रांगोळी उमटते. लिहिणारा म्हणतो, 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होते', आणि तो खोटे बोलत नसतो. दुभाष्या, फाँट, लायब्ररी आणि त्या प्रत्येकाची नेमकी आवृत्ती, हे सारे मिळून प्रोग्रामचे बिऱ्हाड होय. ते जुन्या घरी राहिले आणि घरधनी तेवढा नव्या गावी गेला, एवढाच काय तो घोटाळा.

हा घोटाळा निवारण्याचे साधन प्रथम निघाले ते मात्र निराळ्याच हेतूने. १९७९ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत 'चरूट' नावाची एक आज्ञा आली. तिच्या योगाने एखाद्या चालत्या प्रोग्रामला फाईलींच्या अफाट वृक्षाची एकच फांदी दाखविता येई, आणि तीच मूळ आहे असे त्याला भासविता येई. त्या फांदीबाहेरचे जग त्याच्या दृष्टीने नाहीसेच होई. १९८२ मध्ये बिल जॉय याने ती आज्ञा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्समध्ये आणली. तेथे तिचा उपयोग नव्या प्रणालीची बांधणी तपासून पाहण्यासाठी झाला. चालू संगणकाला धक्का न लावता त्याच्या पोटात दुसरा संसार मांडून पाहावा, एवढाच उद्देश होता. सुरक्षिततेची भिंत म्हणून ती कच्चीच होती. ज्याच्या हाती संगणकाचे सर्वाधिकार आहेत असा प्रोग्राम ती भिंत सहज ओलांडून जाई.

पक्की भिंत बांधण्याचे काम डेन्मार्कच्या पौल-हेनिंग काम्प याने केले. एकाच संगणकावर अनेक गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी ठेवणाऱ्या एका लहानशा कंपनीची ती निकड होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या खोलीत राजा होऊ द्यावे, पण शेजाऱ्याच्या खोलीत त्याला डोकावू देऊ नये, असे तिला हवे होते. काम्पने लिहिलेली ही सोय २००० साली फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत आली आणि तिला नाव मिळाले 'जेल'. नाव रोखठोक होते यात शंका नाही. पुढे २००५ मध्ये सन कंपनीच्या सोलारिस दहामध्ये हीच कल्पना 'झोन' या सभ्य नावाने वावरू लागली.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. एका संगणकात अनेक भाडेकरू ठेवण्याचा याहून जुना मार्ग होता तो आभासी संगणकाचा. आय.बी.एम.ने तो १९६० च्या दशकातच काढला होता. त्यात प्रत्येक भाडेकरूला स्वतःच्या कार्यप्रणालीसह एक अख्खे घरच बांधून मिळे. भिंती भक्कम, पण जागा फार खाणाऱ्या आणि घर उघडायला मिनिटे घेणाऱ्या. जेलच्या मार्गात सर्वांचा पाया आणि गाभा, म्हणजे कर्नल, एकच; निराळी असते ती फक्त खोली. म्हणून ती क्षणात उघडते आणि तिला जागाही थोडी लागते. आभासी संगणक हा बंगला, तर कंटेनर ही चाळीतली खोली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. चाळीत राहणाऱ्याला हेही ठाऊक असते की भिंत पातळ आहे.

आता क्लाऊडकडे वळावे. हा शब्द मोठा मेघगंभीर वाटतो. पण त्याचा अर्थ एवढाच की दूरच्या कुठल्याशा इमारतीत दुसऱ्याच्या मालकीचे संगणक आहेत आणि ते हवे तेवढा वेळ भाड्याने मिळतात. ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसीटू ही सेवा सुरू केली. तीत मोकळा आभासी संगणक मिळे. कार्यप्रणालीची निगा, दुरुस्त्या, गर्दी वाढली की नवे संगणक जोडणे, हे सारे ज्याचे त्याने पाहावे. ७ एप्रिल २००८ रोजी गूगलने याच्या उलट टोकाची सेवा लोकांपुढे ठेवली. तिचे नाव अ‍ॅप इंजिन. पहिल्या दहा हजार प्रोग्रामरांना प्रवेश मिळाला. त्यांनी आपला प्रोग्राम तेवढा धाडावा. बाकीचे सारे गूगल पाहील. दहा माणसे आली तर दहांची सोय होईल, दहा लाख आली तर दहा लाखांची. कार्यप्रणालीला भगदाड पडले तर ते गूगलचे नोकर बुजवतील. भाडेकरूने घराची काळजी वाहायचीच नाही.

मात्र घरमालकाचे नियम कडक होते. भाषा एकच, पायथन, आणि तिचीही आवृत्ती ठरलेली, २.५. प्रोग्रामला डिस्कवर फाईल लिहिता येणार नाही. त्याला दुसरा प्रोग्राम जन्माला घालता येणार नाही. बाहेरच्या जगाशी बोलायचे तर गूगलच्याच निरोप्यामार्फत. माहिती ठेवायची ती गूगलच्याच डेटास्टोअर नामक कोठारात, आणि त्या कोठाराची रीत सर्वसाधारण डेटाबेसांहून निराळी. आणि सर्वांत जाचक नियम असा की सी भाषेत लिहिलेली कोणतीही बाहेरची लायब्ररी तेथे नेता येणार नाही. देवनागरी जुळविणाऱ्या लायब्रऱ्या सी आणि तिच्या भावंडभाषांतच लिहिलेल्या असतात. म्हणजे वर सांगितलेल्या निकालपत्रकांच्या प्रोग्रामाला या घराचा दरवाजा बंदच होता. त्याचा मराठीपणा हाच त्याचा अपराध ठरत होता. गूगलच्या मनात तसे काही नव्हते, तरी परिणाम तोच.

या नियमांना लहर म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. प्रोग्राम डिस्कवर काही लिहून ठेवीत नाही, म्हणूनच त्याला या क्षणी या संगणकावरून उचलून पुढच्या क्षणी हजार संगणकांवर मांडता येते. त्याला परके सी भाषेतील तुकडे चालविता येत नाहीत, म्हणूनच तो शेजाऱ्याच्या भिंतीला भोक पाडू शकत नाही. प्रत्येक बंदीच्या पाठीमागे एक सोय उभी होती. पण भाडेकरूला एक गोष्ट सलत राहिली. या घरासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कोणत्याही घरात चालत नसे. २००९ मध्ये सांता बार्बारा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी अ‍ॅपस्केल नावाने अ‍ॅप इंजिनची एक खुली प्रतिकृती केली. म्हणजे भाडेकरूला बाहेर पडता यावे म्हणून अख्ख्या घराची नक्कल दुसरीकडे बांधावी लागली! २०११ मध्ये गूगलने भाडे आकारण्याची पद्धत बदलली आणि आपले बिल कित्येक पटींनी वाढणार असे अनेकांना दिसले, तेव्हा तर या बांधिलकीचा अर्थ सर्वांनाच कळला. ओरड पुष्कळ झाली. निघून जाणे थोड्यांनाच जमले.

हीरोकू या दुसऱ्या कंपनीने वाट थोडी मोकळी केली. २००७ मध्ये तीही एकाच भाषेची, रूबीची, घरमालकीण म्हणून निघाली होती. पण २०११ मध्ये तिने 'बिल्डपॅक' नावाची युक्ती काढली. घरात कोणते सामान मांडायचे त्याची यादी आता भाडेकरूही देऊ शकत होता. सामान मांडणारे हात मात्र हीरोकूचेच होते.

इकडे लिनक्सच्या कर्नलमध्ये खोल्यांच्या भिंती विटेविटेने उभ्या राहत होत्या. 'नेमस्पेस' नावाची सोय २००२ पासून टप्प्याटप्प्याने येत गेली. प्रत्येक खोलीला तिच्या फाईली, तिच्या प्रक्रियांची क्रमवारी, तिचे जाळे वेगळे दिसावे, हे तिचे काम. दुसरी वीट गूगलमधूनच आली. पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले. कोणत्या खोलीने किती स्मृती आणि किती प्रक्रियाशक्ती वापरावी याचा पक्का हिशेब ती ठेवते. मौज अशी की तिचे पहिले नाव 'प्रोसेस कंटेनर' असे होते. पण कर्नलमध्ये 'कंटेनर' हा शब्द आधीच फार अर्थांनी वापरला जात होता, म्हणून २००७ मध्ये ते बदलून 'कंट्रोल ग्रुप' करण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये ती लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत दाखल झाली. त्याच वर्षी या विटा जोडून एलएक्ससी नावाचा पहिला सुटसुटीत संच तयार झाला. म्हणजे अ‍ॅप इंजिनचे कडक नियम ज्या वर्षी जाहीर झाले, त्याच वर्षी त्या नियमांवरचा उतारा लिनक्सच्या कोठारात पडून होता. तो कोणी उचलला नाही, कारण त्याची गुंडाळी करून हाती देणारा कोणी नव्हता.

ते काम डॉटक्लाऊड नावाच्या एका लहान कंपनीने केले. पॅरिसमध्ये सुरू होऊन अमेरिकेत गेलेली ही कंपनी हीरोकूसारखाच घरभाड्याचा धंदा करी. फरक इतकाच की ती एका भाषेचा हट्ट धरीत नसे. नाना भाषांचे, नाना डेटाबेसांचे भाडेकरू सांभाळताना तिला आतून कंटेनर वापरावे लागले आणि त्यासाठी तिने स्वतःची अवजारे घडविली. धंद्याला म्हणावी तशी बरकत येईना. मोठे मासे त्याच पाण्यात होते. तेव्हा सॉलोमन हाइक्स या तिच्या संस्थापकाने ती अवजारेच जगाला देऊन टाकण्याचे ठरविले. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथनच्या परिषदेत त्याने एक भाषण केले. ते मुख्य व्याख्यान नव्हते. ज्याला वाटेल त्याने उठून पाच मिनिटांत आपली गोष्ट सांगावी, अशा झटपट भाषणांपैकी ते एक होते. तेवढ्या पाच मिनिटांत त्याने 'डॉकर' नावाचे अवजार दाखविले. त्याच महिन्यात ते सर्वांसाठी खुले झाले आणि ऑक्टोबरपर्यंत कंपनीनेच आपले नाव बदलून डॉकर असे ठेवले. अवजाराने कारागिराला गिळावे, असाच हा प्रकार होता.

डॉकर म्हणजे गोदी कामगार. नावात समुद्र होता आणि तो हेतुपुरस्सर होता. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने आयडियल एक्स नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या चढवून न्यू जर्सीतील न्यूअर्कहून टेक्सासमधील ह्यूस्टनला धाडल्या. तोवर जहाजावर माल चढायचा तो पोते पोते, पिंप पिंप मोजून, माणसांच्या पाठीवरून. मॅक्लीनची पेटी ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर न उघडता जाई. आत चहा आहे की यंत्राचे सुटे भाग, याच्याशी यारीवाल्याला कर्तव्य नसे. १९६८ पासून या पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरत गेली आणि मग कोणत्याही देशाची पेटी कोणत्याही देशाच्या यारीला उचलता येऊ लागली. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदर अशा पेट्यांच्याच भरवशावर वाढले. पेटीच्या शोधाचे मर्म पेटीच्या धातूत नव्हते. भरणारा एक, वाहणारा दुसरा, आणि त्या दोघांनी एकमेकांना काही विचारण्याची गरज नाही, या व्यवस्थेत ते होते.

हाइक्सने नेमके तेच मर्म उचलले. भिंती त्याने बांधल्या नाहीत. त्या लिनक्समध्ये होत्याच. त्याने दिली ती पेटी भरण्याची रीत. 'डॉकरफाईल' नावाच्या एका साध्या कागदावर बिऱ्हाडाची यादी लिहायची. पहिली ओळ पाया सांगते. अमुक लिनक्सची अमुक आवृत्ती घ्या. दुसरी सांगते, तीवर पायथन बसवा. तिसरी सांगते, अक्षरे जुळविणारी लायब्ररी आणि लोहित देवनागरी फाँट बसवा. चौथी सांगते, निकालपत्रकांचा प्रोग्राम आत ठेवा. आणि शेवटची सांगते की पेटी उघडताच हा प्रोग्राम सुरू करा. या यादीवरून जी बंद पेटी तयार होते तिला 'इमेज' म्हणतात. तिची रचना स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखी असते. खाली मोठी मडकी, वर लहान. प्रत्येक ओळीमागे एक मडके. प्रोग्राममध्ये एखादी वेलांटी सुधारली तर वरचे मडके तेवढे बदलते, खालची उतरंड जशीच्या तशी राहते आणि जाळ्यावरून पुन्हा वाहून न्यावी लागत नाही. हजारो पेट्यांची खालची मडकी एकच असली तर ती एकदाच साठविली तरी भागते. या साध्या काटकसरीमुळे जे काम पूर्वी तासांचे होते ते सेकंदांचे झाले. आता निकालपत्रके तयार करणाऱ्याला कोणापुढे हात पसरण्याचे कारण उरले नाही. फाँटसाठी एक ओळ लिहिली की झाले.

ज्यांच्या घरी मोठमोठे वाडे होते त्या क्लाऊडवाल्यांनी ही लाट ओळखण्यास उशीर केला नाही. त्यांच्यातही गूगलची गोष्ट विशेष. मे २०१४ मध्ये गूगलच्या जो बीडा याने जाहीरपणे सांगितले की गूगलमधले सर्व काही कंटेनरांतच चालते आणि दर आठवड्याला दोन अब्जांहून अधिक कंटेनर तेथे सुरू होतात. म्हणजे घरमालक स्वतः वर्षानुवर्षे पेट्यांतच राहत होता आणि भाडेकरूंना मात्र ठरावीक मापाच्या खोल्या देत होता! पुढच्याच महिन्यात गूगलने पेट्यांचे ताफे हाकणारे कुबर्नेटीस हे अवजार खुले केले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूवाला. जून २०१५ मध्ये पेटीचे माप सर्वसंमत करण्यासाठी 'ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह' स्थापन झाले आणि डॉकरने आपला पेटीचा नमुना तिच्या स्वाधीन केला. जहाजांच्या पेट्यांना मापे ठरण्यास बारा वर्षे लागली होती. येथे दोन वर्षे पुरली.

खुद्द अ‍ॅप इंजिनमध्ये २०१४ साली 'मॅनेज्ड व्हीएम' या नावाने एक नवी दालने उघडण्यात आली. तीच पुढे 'फ्लेक्सिबल', म्हणजे लवचिक, या नावाने मार्च २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तेथे 'कस्टम रनटाइम' अशी एक पाटी होती. तिचा अर्थ : घरात काय असावे ते भाडेकरूने ठरवावे, स्वतःची डॉकरफाईल लिहावी, स्वतःची पेटी आणावी. नऊ वर्षांपूर्वी पायथन २.५ वाचून दुसरे नाव न घेणाऱ्या घराने हे म्हणावे, यात केवढा पालट आहे! अ‍ॅमेझॉनच्या बीनस्टॉक सेवेने डॉकरच्या पेट्या एप्रिल २०१४ मध्येच स्वीकारल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आपल्या अ‍ॅप सर्व्हिसमध्ये त्यांना जागा दिली. २०१९ मध्ये गूगलच्या क्लाऊड रनने तर पेटी हेच एकमेव चलन मानले. पेटी द्या, मागणी येईल तेव्हा आम्ही ती उघडू, नसेल तेव्हा मिटून ठेवू, आणि मिटलेल्या वेळाचे भाडे घेणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डाने १० जीबीपर्यंतच्या पेट्या घेण्यास प्रारंभ केला. तोवर तेथे प्रोग्राम आणि त्याचे सामान मिळून २५० एमबीच्या आत बसवावे लागे.

नियम संपले असे मात्र कोणी समजू नये. ते पेटीच्या आतून बाहेर आले, एवढेच. क्लाऊड रनवर पेटीने ठरवून दिलेल्या दारावर, म्हणजे पोर्टवर, निरोपाची वाट पाहिली पाहिजे. काही वेगळे सांगितले नसेल तर तो पोर्ट ८०८०. पेटीत लिहिलेली फाईल पेटी मिटताच नाहीशी होते, म्हणून टिकाऊ माहिती बाहेर ठेवली पाहिजे. २००८ मधली डिस्कवर न लिहिण्याची अट येथे दुसऱ्या वेषात भेटते. तिच्यामागचे कारण तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. स्वतःचे बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्याला त्याचे ओझेही वाहावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉगफोरजे या अतिशय प्रचलित लायब्ररीत एक भयंकर दोष उघडकीस आला. नुसता एक विशिष्ट मजकूर पाठवून परक्याला संगणकावर आपल्या आज्ञा चालविता येत होत्या. लायब्ररी दुरुस्त झाली ती काही दिवसांत. पण बंद पेट्यांत जी जुनी प्रत होती ती आपोआप कशी सुधारणार? ज्याने पेटी भरली त्यानेच ती पुन्हा भरली पाहिजे. पेटीत काय काय आहे याची आठवण न ठेवलेल्या कंपन्यांना आधी शोधच घ्यावा लागला की दोष आपल्या घरात आहे की नाही. पेटी आपली असली की तिच्यातली वाळवीही आपलीच. जुन्या अ‍ॅप इंजिनमध्ये घराची डागडुजी मालक करी. स्वतःच्या पेटीत पायापासून कळसापर्यंतची लायब्ररी न् लायब्ररी भाडेकरूच्या खात्यावर पडते. हे मोल पुष्कळांनी सौदा करताना विचारलेच नाही.

भिंतीच्या पातळपणाचाही विसर पडू लागला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पेट्या उघडणाऱ्या रनसी या मूळ अवजारातच एक दोष सापडला. दुष्ट हेतूने भरलेली पेटी बाहेरच्या संगणकाचा ताबा घेऊ शकत होती. गूगलने त्याआधीच, मे २०१८ मध्ये, जीव्हायजर नावाची दुसरी भिंत खुली केली होती. पेटीतला प्रोग्राम कर्नलकडे जे काही मागेल ते आधी तिच्यामार्फत जाते. तिच्याच आधाराने २०१८ मध्ये अ‍ॅप इंजिनच्या जुन्या, कडक दालनातलेही पुष्कळसे निर्बंध उठले आणि सी भाषेतील लायब्रऱ्यांना तेथेही प्रवेश मिळाला. म्हणजे पेटी न आणणाऱ्यालाही पेटीच्या स्पर्धेचा लाभ झाला. पुष्कळ साध्या कामांसाठी आज मालकाचे सुसज्ज घर हेच शहाणपणाचे ठरते. ज्याचे सामानच जगावेगळे आहे त्याने पेटी आणावी.

पेट्या हिंदुस्थानातही मुक्कामाला आल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली संगणकगृहे उघडली. अ‍ॅमेझॉनची मुंबईत २०१६ मध्ये आणि हैदराबादेत २०२२ मध्ये, गूगलची मुंबईत २०१७ मध्ये सुरू झाली. इंदूरला किंवा बेळगावला बसून भरलेली पेटी आता पुण्यात उघडता येते, नाही पटले तर हैदराबादेस हलविता येते. हलत नाही ती पेटीबाहेर ठेवलेली माहिती. वर्षानुवर्षांचे गुण, हिशेब, पत्रव्यवहार ज्या मालकाच्या खास कोठारात साठले असतील, त्याचे दार सोडताना पाय अजूनही जड होतो, आणि कोठारवाल्यांना ते चांगले ठाऊक आहे.

हाइक्सच्या कंपनीने नाव बदलल्यावर तिचे जुने घर, डॉटक्लाऊड, चालूच होते. ऑगस्ट २०१४ मध्ये ते बर्लिनच्या क्लाऊडकंट्रोल या कंपनीला विकण्यात आले. दीड वर्षात त्या कंपनीचे दिवाळे निघाले. ज्या घरात पाठीवरच्या बिऱ्हाडाची युक्ती जन्मली, त्या घरच्या भाडेकरूंना मग एके दिवशी नोटीस आली. प्रोग्राम आणि माहिती हलविण्यासाठी त्यांना मुदत मिळाली ती २९ फेब्रुवारी २०१६ पर्यंत.